डाळ दोन शिट्ट्यांत शिजते, मग पानं का करपतात?

नागपूरच्या मनीषनगरहून एका ताईंचं पत्र आलं आहे. पत्र मोठं आहे, कामापुरतं इथं देतो.

"फ्लॅटच्या मागच्या खोलीत रॅकवर एलईडी दिवे लावून मातीविना लेट्युस, बेसिल आणि पालक घेते. वीस-वीस लिटरचे दोन टब आहेत, हवेसाठी फिशटँकचा पंप. पहिले पंधरा-वीस दिवस रोपं अशी फोफावली की सोसायटीतल्या बायका बघायला येत होत्या. मग जुन्या पानांच्या कडा करपायला लागल्या. नवीन पानं पिवळी आणि शिरा तेवढ्या हिरव्या. पीएच चढलेला असतो म्हणून रोज लिंबू पिळते. रात्री ५.८ करून झोपते, सकाळी बघावं तर ७.५. आता मुळंही बुळबुळीत झालीत. पाण्यात खोट नाही. बोअरचं असलं तरी सोसायटीनं सॉफ्टनर बसवलाय. डाळ दोन शिट्ट्यांत शिजते, केस मऊ राहतात, नळांवर पांढरे डाग पडत नाहीत. सेक्रेटरींकडे 'पिण्यायोग्य' असा रिपोर्टही आहे. मीटरवर टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार, मोजला: महापालिकेचा नळ २१०, बोअर ७८०, सॉफ्टनरनंतर ८००, घरचा आरओ ४०. आरओचं पाणी द्यावं तर एका बादलीमागे तीन बादल्या वाया जातात. सासूबाई म्हणतात, 'झाडाले आरओचं पाणी? बाप्पा!' पावसाचं साठवू का? एसीचं चालेल का?"

ताई, तुमच्या झाडांचं सगळं दुखणं त्या दोन शिट्ट्यांत आहे.

बोअरच्या जड पाण्यात तुरीची डाळ शिजता शिजत नाही, हे तुमच्या सासूबाईंना कुणी सांगायला नको. पाण्यातलं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम डाळीला घट्ट धरून ठेवतं. म्हणून जुन्या बायका डाळीत चिमूटभर खायचा सोडा टाकायच्या. तुमच्या सोसायटीचा सॉफ्टनर तेच काम टाकीच्या मापानं करतो. त्याच्या आतले रेझिनचे मणी पाण्यातलं कॅल्शियम-मॅग्नेशियम स्वतःकडे ओढतात आणि त्याच्या बदल्यात सोडियम सोडतात. वॉचमन दर काही दिवसांनी त्यात मिठाची गोणी ओततो, ते मीठ जातं कुठं असं कधी मनात आलं का? मणी पुन्हा ताजे करायला ते लागतं. मिठातलं क्लोराइड धुवून गडरमध्ये जातं आणि सोडियम मण्यांवर बसतं, तिथून तुमच्या नळाला येतं.

पाण्यातले बायकार्बोनेट मात्र सॉफ्टनरला दिसतही नाहीत. ते होते तेवढेच राहतात. आधी त्यांचा जोडीदार कॅल्शियम होता, आता सोडियम झाला, आणि सोडियम बायकार्बोनेट म्हणजेच खायचा सोडा. म्हणून डाळ पटकन शिजते. म्हणूनच तुमच्या मीटरवर बोअर ७८० आणि सॉफ्टनरचं ८०० असं जवळजवळ सारखं येतं. पाण्यातून काही निघालेलंच नाही, फक्त अदलाबदल झाली आहे. आणि या अदलाबदलीत झाडाला हवं ते गेलं, नको ते आलं.

किती आलं, हे एकदा कागदावर मांडून बघू. बोअरच्या पाण्याचा कठीणपणा, म्हणजे जडपणा, लिटरमागे ४०० मिलिग्रॅम आहे असं समजा; ७८० टीडीएसच्या बोअरला तो सहज असू शकतो. असं पाणी मऊ करताना सॉफ्टनर लिटरमागे साधारण १८४ मिलिग्रॅम सोडियम सोडतो. टब २० लिटरचा. तुम्ही रोज दीड लिटरची भर घालता असं धरलं तर वीस दिवसांत आणखी ३० लिटर, म्हणजे एकूण ५० लिटर पाणी त्या टबात गेलं. पाणी पानांतून उडून गेलं, सोडियम झाडं फारसं उचलत नाहीत, ते मागे राहिलं. ५० लिटरचं मिळून ९ ग्रॅमच्या वर सोडियम. सोड्याच्या भाषेत सांगायचं तर जवळजवळ ३४ ग्रॅम, सहा-सात चहाचे चमचे खायचा सोडा, एका टबात. पंधरा-वीस दिवस रोपं फोफावली आणि मग बिघडली, यात नवल नाही. तेवढे दिवस साठायलाच लागले.

हे पटत नसेल तर मागच्या उन्हाळ्याचा कुलर आठवा. एप्रिलमध्ये नव्या कोऱ्या ताट्या लावल्या, जूनमध्ये काढायला गेलो तर त्या पांढऱ्या, कडक, हातात घेतल्या की कुरकुरीत पापुद्रे गळतात. टाकीच्या तळाशी खडूसारखा गाळ. कुलरनं तरी काय केलं? पाणी उडवलं आणि क्षार ठेवून घेतले. तुमचा टब हा छोटा कुलरच आहे, ताटीच्या जागी लेट्युसची पानं आहेत एवढंच. कुंडीतल्या झाडाला हेच पाणी दिलं असतं तर मातीनं बरंच पोटात घातलं असतं, आणि वरून घातलेल्या जास्तीच्या पाण्याबरोबर खालच्या भोकातून थोडं निघूनही गेलं असतं. टबाला भोक नाही.

आता लिंबाचं. पीएच ७.५ आहे की ८ आहे यानं फार बिघडत नाही. पाण्यात बायकार्बोनेटचा साठा किती, यावर सगळं आहे. या साठ्याला अल्कलिनिटी म्हणतात. तो मोठा असला की लिंबू पिळल्यावर आकडा तेवढ्यापुरता खाली येतो आणि साठा त्याला पुन्हा वर ढकलतो. त्यातून लिंबातलं सायट्रिक आम्ल हे जंतूंचं जेवण. रात्रभरात ते खाऊन संपवतात, सकाळी पीएच परत आणि मुळांवर बुळबुळ वाढलेली. म्हणजे रोज रात्री तुम्ही झाडांना औषध म्हणून देत होतात ते जंतूंच्या पंगतीला जात होतं. लिंबू आजपासून बंद. व्हिनेगर सुचवणारे भेटतील, त्याचीही तीच गत.

नवीन पानं पिवळी आणि शिरा हिरव्या, हे नागपूरकरांना खरं तर ओळखीचं असायला हवं. काटोल-नरखेडकडे चुनखडीच्या जमिनीतल्या संत्र्याच्या बागांत हेच दिसतं. लोह जमिनीत असतं पण पीएच चढल्यामुळे झाडाला उचलता येत नाही. तुमच्या टबातही लोह आहे, पोषणद्रव्याच्या बाटलीतून तुम्हीच घातलं आहे. करपलेल्या कडा सोडियमच्या आणि पिवळी पानं बायकार्बोनेटची. दोन तक्रारी, पाणी एकच.

टीडीएस मीटरबद्दल एक सांगायलाच हवं, कारण तुमच्यासारखे बरेच जण त्याच्यावर डोळे झाकून विश्वास ठेवतात. ते मीटर पाण्यातून वीज किती सहज जाते एवढंच पाहतं आणि एका ठरावीक गुणकानं तो आकडा मिलिग्रॅममध्ये दाखवतं. आत काय विरघळलंय, मीठ की कॅल्शियम नायट्रेट, हे त्याला कळत नाही. तुमच्या टबात ९०० दिसलं की तुम्ही समजता खत भरपूर आहे, आज नुसतं पाणी घालू. त्या ९०० मधले सहा-सातशे सोड्याचेच असतील तर झाड उपाशी आहे आणि मीटर सांगतंय ताट भरलेलं आहे.

म्हणून घरात भाजी वाढवणाऱ्यासाठी चांगलं पाणी म्हणजे रिकामं पाणी. पिणाऱ्या माणसासाठी चांगलं पाणी वेगळं. सेक्रेटरींचा रिपोर्ट खोटा नाही. पिण्याच्या पाण्याचं भारतीय मानक, आयएस १०५००, टीडीएस ५०० पर्यंत चांगलं मानतं आणि दुसरा स्रोतच नसेल तर २००० पर्यंत चालवून घेतं. कठीणपणा २०० पर्यंत चांगला आणि दुसरा स्रोत नसल्यास ६०० पर्यंत चालतो. तुमची बोअर या दुसऱ्या मर्यादेत बसते. पण माणसाला मूत्रपिंडं आहेत. लेट्युसची बारा रोपं एकाच टबात बसून तेच पाणी महिनाभर पितात.

मग कोणतं घ्यायचं? तुमच्याकडे उत्तर घरातच आहे आणि ते स्वयंपाकघरातल्या सगळ्यात साध्या तोटीला येतं. महापालिकेचा नळ घ्या. ते पेंच आणि कन्हानचं पाणी आहे, शुद्ध करून आलेलं, नदी-धरणाचं. जमिनीखालच्या खडकात बसलेल्या पाण्याएवढे क्षार त्यात नसतात. तुमच्या मीटरवरचे २१० हे या शेतीला अगदी चालण्यासारखे आहेत, आणि त्यातला बराचसा भाग कॅल्शियम-मॅग्नेशियमचा असतो, जे झाडाला हवंच आहे. आरओची गरज नाही. सासूबाईंचं बरोबर आहे, त्यांना तसं सांगा. कारण मात्र मी दिलेलं सांगा.

नळाचं पाणी सरळ टबात ओतू नका. पाणी सुटल्यावर पहिली दोन-चार मिनिटं जाऊ द्या, पाइपात बसलेला गाळ त्यात येतो. मग रुंद तोंडाच्या बादलीत भरून, वर सुती फडकं बांधून रात्रभर ठेवा. क्लोरीन उडून जातं. मानकाप्रमाणे नळाच्या टोकाला लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन असायला हवं. तेवढ्यानं रोप मरत नाही, पण ब्लीचिंगचा वास नाकाला जाणवतो त्या दिवशी एक रात्र थांबलेलं बरं. पावसाळ्यात पाणी गढूळ आलं तर तुरटी फिरवायचा मोह होतो. पिण्याच्या हंड्यात फिरवा हवी तर. या कामाला नको, ॲल्युमिनियम मुळांना चांगलं नाही. एक दिवस निवू द्या आणि वरचं नितळ पाणी घ्या.

अल्कलिनिटी घरी मोजता येते आणि ती मोजल्याशिवाय पुढचं काही ठरवू नका. मासे विकणाऱ्या दुकानात केएच किट मिळतं. छोट्या नळकांडीत पाणी घ्यायचं, थेंब टाकत जायचे, रंग बदलला की थांबायचं. बहुतेक किटमध्ये एक थेंब म्हणजे एक अंश, म्हणजे लिटरमागे सुमारे १८ मिलिग्रॅम. तीन ते सहा थेंबांत रंग बदलला तर पाणी उत्तम. दहाच्या पुढे गेलात तर त्यात हलकं पाणी मिसळावं लागेल. चारही पाण्यांवर हा प्रयोग करा. बोअर आणि सॉफ्टनरचे थेंब सारखेच लागतील. त्याच दुकानात कठीणपणा मोजायचं जीएच किट असतं, त्यात मात्र सॉफ्टनरचं पाणी पहिल्याच थेंबाला रंग बदलेल. मी वर दोन परिच्छेद खर्च करून जे सांगितलं ते तुम्हाला पाच मिनिटांत नळकांडीत दिसेल.

नळाच्या पाण्याला मग पीएच उतरवायला थोडं फॉस्फोरिक आम्ल पुरतं. 'पीएच डाउन' नावानं विरळ केलेलं मिळतं, थेंबाथेंबानं घाला. आधी पाणी, मग पोषणद्रव्याची 'ए' बाटली, ढवळून मग 'बी', आणि पीएच सगळ्यात शेवटी. ए आणि बी एकमेकांत सरळ ओतल्या तर कॅल्शियम आणि सल्फेट-फॉस्फेट एकत्र येऊन पांढरा साका बसतो आणि तेवढं खत वाया जातं. बोअरच्या पाण्यावर हेच आम्ल वापरून बघू का, असं विचाराल. नको. तेवढा सोडा मारायला इतकं फॉस्फोरिक लागेल की फॉस्फरसच गरजेपेक्षा फार जास्त होईल. नायट्रिक आम्लानं हे काम होतं, मोठे पॉलिहाउसवाले ते करतातही, पण पोट्टे फिरतात त्या घरात नायट्रिक ठेवू नये.

ज्यांच्या घरी महापालिकेचा नळ नाही त्यांचंही थोडं. बेसा-बेलतरोडीच्या पुढे, शहराच्या कडेला अशी बरीच घरं आहेत. त्यांनी शेजाऱ्याच्या बोअरचा आकडा उसना घेऊ नये. नागपूर दोन खडकांच्या शिवेवर बसलंय. पश्चिमेकडे काळा बसाल्ट, सीताबर्डीची टेकडी त्याचीच. पूर्वेकडे त्याहून फार जुना रूपांतरित खडक. अर्ध्या किलोमीटरवर बोअरचा स्वभाव बदलतो. एकदा प्रयोगशाळेत तपासून घ्या, पण मागताना 'पिण्याचं पाणी' म्हणू नका, 'सिंचनाचं पाणी' म्हणा. पिण्याच्या रिपोर्टात सोडियमचा रकाना सहसा नसतो. सिंचनाच्या तपासणीत सोडियम, क्लोराइड, बायकार्बोनेट, कॅल्शियम, मॅग्नेशियम वेगवेगळे मिळतात. कृषी महाविद्यालय किंवा कृषी विज्ञान केंद्राच्या माती-पाणी प्रयोगशाळेत चौकशी करा. पंप दहा मिनिटं चालवून मग नमुना घ्या, लिटरची प्लास्टिकची बाटली त्याच पाण्यानं तीनदा विसळून काठोकाठ भरा. आणि बोअर गडरच्या लाइनजवळ असेल तर कच्ची खायची भाजी तिच्यावर वाढवूच नका, टीडीएस कितीही सुंदर येवो. सॉफ्टनर असेल तर त्याच्या आधीच्या तोटीचं पाणी घ्या. जड असलं तरी त्यातलं कॅल्शियम कामाचं. अर्धं आरओचं मिसळून वापरता येतं.

आरओच्या त्या तीन बादल्यांचं गणितही तुम्ही समजता त्याहून मजेचं आहे. तुमचा आरओ नळाच्या पाण्यावर चालतो असं धरतो. चार लिटर पाणी आत गेलं, २१० च्या हिशेबानं ८४० मिलिग्रॅम क्षार. एक लिटर बाहेर आलं त्यात ४०. उरलेले ८०० तीन लिटरांत वाटले गेले, म्हणजे लिटरमागे २६७ च्या आसपास. ज्याला आपण टाकाऊ म्हणतो ते पाणी तुमच्या सॉफ्टनरच्या पाण्याच्या एक तृतीयांशच खारं आहे! इतके दिवस हलकं पाणी मोरीत सोडून भारी पाणी टबात घालत होतात. आरओ जर सॉफ्टनरच्या लाइनवर असेल तर मात्र तेच गणित हजाराच्या वर जातं. ते पाणी फरशी पुसायला. आपला आरओ कोणत्या लाइनवर आहे हे प्लंबरला न विचारता कळतं: टाकाऊ नळीखाली मीटर धरा.

विकतच्या जारबद्दल कुणी सुचवेल. ते बहुतेक वेळा कुठल्यातरी बोअरचं आरओ केलेलंच पाणी असतं, दर जारला आकडा वेगळा. पैसे घालवू नका.

पावसाचं पाणी साठवा, जरूर साठवा. माझ्या मते नागपुरात या छंदासाठी याहून चांगलं पाणी नाही. आपल्याकडे वर्षाला हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर. गच्चीचा शंभर चौरस फुटांचा तुकडा घेतला तर दर मिलिमीटर पावसाला ९.३ लिटर. ५० मिलिमीटरचा एक दणका पडला की ४६५ लिटर, सांडलवंड वजा करूनही दोनशे लिटरचे दोन ड्रम जवळजवळ भरतात. तुमच्या दोन टबांना रोज तीन लिटर लागतात. ड्रम भरून ठेवलेत तर चार महिने निघाले. गच्ची सामाईक आहे, सोसायटीत विचारून घ्या.

फक्त पहिला पाऊस घेऊ नका. हे मी चूक करून शिकलो. पहिल्याच वर्षी जूनच्या पहिल्या सरीला उत्साहानं पत्र्याखाली ड्रम लावला. मीटर धरलं तर ६०. आहाहा! पाणी जरा चहाच्या रंगाचं होतं, पण ६० म्हणजे ६०. त्या पाण्यात पालक लावला आणि चौथ्या दिवशी मुळं तपकिरी होऊन गळायला लागली. ड्रम रिकामा केला तेव्हा तळाशी बोटभर काळा चिखल, कबुतराची पिसं आणि सडकी पानं. अख्ख्या उन्हाळ्याची धूळ आणि विष्ठा त्या सरीनं धुवून आणली होती आणि मीटरला त्यातलं काही दिसलं नव्हतं, कारण घाण वीज वाहून नेत नाही. आता पहिल्या एक-दोन चांगल्या सरी मी नुसत्या बघतो. स्लॅब झाडून घेतो, मग कापड बांधून ड्रम लावतो. जस्ताचा मुलामा दिलेल्या पत्र्यावरून जस्त उतरतं, त्यापेक्षा सिमेंटचा स्लॅब बरा. कोराडी-खापरखेड्याच्या औष्णिक वीज केंद्रांच्या बाजूला राहणाऱ्यांनी राख धुतली जाईपर्यंत आणखी एखादी सर सोडावी.

ड्रम खाण्याच्या वस्तूंचा घ्या. जुन्या बाजारात निळे ड्रम स्वस्त मिळतात, पण आत काय होतं ते विकणाऱ्यालाही माहीत नसतं. झाकण उघडून हुंगा. औषधाचा किंवा रंगाचा वास आला तर पुढे चला. ड्रम अपारदर्शक हवा, नाहीतर शेवाळ. आणि तोंडाला बारीक जाळी हवी. डेंग्यूचा डास स्वच्छ साठलेल्या पाण्यातच अंडी घालतो, कुलरची टाकी आणि तुमचा ड्रम त्याच्या दृष्टीनं सारखेच.

पावसाचं पाणी इतकं रिकामं असतं की नुसतं वापरलं तर कॅल्शियम-मॅग्नेशियम कमी पडतं. लेट्युसच्या आतल्या कोवळ्या पानांची टोकं काळी पडतात. तीन भाग पावसाचं, एक भाग नळाचं. एवढं मिश्रण पुरतं, वेगळी बाटली विकत घ्यायला नको.

एसीच्या पाण्याचं थोडक्यात: क्षार नसतात, पण ते थंड कॉइलवरून, धुळीवरून आणि बुळबुळीत नळीतून येतं, आणि कॉइलचं तांबं त्यात उतरू शकतं. शिवाय ऐन मे महिन्यात, तुम्हाला पाण्याची सगळ्यात जास्त गरज असते तेव्हा, आपल्या कोरड्या हवेत एसी थेंब थेंबच देतो. जुलैत बादली भरते, तेव्हा बाहेर पाऊसच पडत असतो. टबात नको.

शेवटी एक गोष्ट तुम्ही विचारली नाहीत, पण मार्चनंतर तीच तुम्हाला छळणार आहे: पाण्याचा ताप. वीस अंशाच्या पाण्यात लिटरमागे ९ मिलिग्रॅमच्या आसपास प्राणवायू मावतो, तीस अंशाला साडेसात. मुळांची भूक मात्र गरम पाण्यात वाढते. पंचवीसच्या वर मुळं कुजायला सुरुवात होते आणि पालक तर आधी मान टाकतो. आपल्या गच्चीवरच्या टाकीचं पाणी मे महिन्यात दुपारी चारला हात भाजेल असं असतं. पाणी भरायचं तर पहाटे भरा. टबाभोवती ओलं गोणपाट गुंडाळून ठेवलं की माठासारखा गारवा येतो. टबाखाली थर्माकोल. मी स्वतः हे सगळं करून थकलो आणि आता एप्रिलच्या मध्यावर टब धुवून पालथे घालतो ते मृग लागेपर्यंत. बेसिल तेवढं ठेवतो, ते उन्हाळा काढतं. लेट्युसला मे महिन्यात नागपुरात ठेवणं हा तिच्यावर अन्याय आहे.

तर उद्या सकाळी असं करा. दोन्ही टब रिकामे करा, ते पाणी कुंडीतही टाकू नका. मुळं नळाच्या निवलेल्या पाण्यात हलक्या हातानं धुवा, काळी झालेली कात्रीनं काढा. नेट पॉटच्या, म्हणजे रोपं बसवलेल्या जाळीच्या कुंड्यांच्या, काठावरचे पांढरे पापुद्रे घासा. क्ले बॉल, म्हणजे मातीच्या भाजलेल्या गोळ्या, असतील तर रात्रभर नळाच्या पाण्यात भिजवून दोनदा पाणी बदला, त्यांच्या भोकांतही सोडा बसला आहे. टब पुन्हा नळाच्या पाण्यानं भरा, खत पहिला आठवडा अर्ध्या मात्रेनं, पीएच ६ च्या आसपास. नंतरही दर दहा-बारा दिवसांनी सगळं पाणी बदला, मीटर काहीही म्हणो. ते बदललेलं पाणी मात्र कुंड्यांना घालायला हरकत नाही. करपलेली पानं सुधारणार नाहीत, ती खुडून टाका. नवीन पान हिरवं निघालं की नाही एवढंच बघा. आठ-दहा दिवस लागतील. पालकाची मुळं पार गेली असतील तर त्यात जीव अडकवू नका, नवीन बी पेरा.

केएचचे थेंब किती लागले ते चारही पाण्यांचं लिहून कळवा, मिश्रणाचं प्रमाण त्यावरून नेमकं सांगता येईल. आणि आरओच्या टाकाऊ नळीखाली मीटर धरून २६०-२७० च्या आसपास आलं, तर बाल्कनीतल्या तुळशीला ते पाणी घालायचं काम सासूबाईंकडे द्या. त्या तीन बादल्यांवरून घरात होणारी कुरकुर निम्मी तरी कमी होईल.